सत्तर मिलिमीटरचा प्रश्न

कार्तिकात उज्जैनला क्षिप्रेच्या काठी मोठी जत्रा भरते. आकाशपाळणे, खजूर-रेवड्यांच्या राशी, रजया-गालिच्यांची दुकाने, आणि आपल्या यल्लम्माच्या जत्रेत असतो तसाच फुग्यांचा फळा. फळ्यावर रंगीत फुगे, समोर बाकडे आणि बाकड्यावर दोरीने बांधलेली छऱ्याची बंदूक. गेल्या कार्तिकात मी मुलांना घेऊन उज्जैनला ताईकडे गेले होते, तेव्हा आम्ही सगळे त्या फळ्यापुढे उभे राहिलो. माझ्या धाकट्याने पाच छरे वाया घालवले आणि बाबांच्या भाषेत स्वतःच निकाल जाहीर केला, "गुरी तप्पितु!"

माझी भाची मागे हाताची घडी घालून उभी होती. तिला वय विचारले तर "सोळावं चालू" म्हणते. दोन वर्षे रायफल शूटिंग शिकते आहे, जिल्ह्यात बक्षीस मिळवले आहे. मी म्हटले, "अगं, तू तरी मार!" तर तिने बंदुकीकडे पाहिलेसुद्धा नाही. "मावशी, तिची नळी वाकडी आहे. साईट पण हलून राहिली आहे. उगाच सवय बिघडते."

तेवढ्यात ताईचे सासरे, आमचे आबा, पुढे आले. वय पंच्याऐंशी. पहिला छरा त्यांनी मुद्दाम फुग्याच्या मध्यावर धरला, तो कुठे गेला ते पाहिले, मग तेवढेच डावीकडे धरून उरलेल्या चारांत तीन फुगे फोडले. बंदूक ठेवताना नातीकडे बघून म्हणाले, "इथे सगळ्यांना एकच बंदूक. वाकडी तर सगळ्यांनाच वाकडी. याला म्हणतात स्पर्धा!"

वाचकहो, हा टोमणा होता हे मला तेव्हा कळले नाही. रात्री जेवायला बसल्यावर कळले. ताईच्या घरात गेले सहा महिने याच विषयावर वाद चालू होता: नेमबाजीत माणसाचा नेम मोजायचा, की त्याच्या अंगावरचे सामान?

थोडी ओळख करून देते. ताईचे सासर पिढ्यान्‌पिढ्या उज्जैनचे. शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरला हलण्याआधी उज्जैनच होती, त्यामुळे इथे मराठी घरे जुनी आहेत. यांची मराठी मात्र माळव्याच्या पाण्याने गोड झालेली. आपल्या मराठीत जशी कन्नडची फोडणी, तशी त्यांच्या मराठीत हिंदीची. आबा कॉलेजात असताना एन.सी.सी.त पॉइंट टू-टू रायफल चालवत. पुढे घरी एक आय.एच.पी.ची एअर गन आणली. पाण्याचे पाइप बनवणारी इंडियन ह्यूम पाइप कंपनी एके काळी एअर गनही बनवत असे, हे मला त्यांच्याकडूनच कळले. ती बंदूक अजून माळ्यावर आहे. नळी मोडून छरा भरायचा, स्प्रिंगचा धक्का खांद्याला सोसायचा. अंगात खाकी शर्ट, हिवाळ्यात स्वेटर. संपले सामान.

भाचीने सुरुवात केली ती 'ओपन साईट' गटात. म्हणजे मागे खाच, पुढे माशी, आणि दोन्ही जुळवून डोळ्याने नेम. आपल्या राष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांत हा गट वेगळा असतो. दुसरा 'पीप साईट'चा. त्यात मागे बारीक छिद्राची चकती, पुढे गोल कडी, आणि त्या कडीत काळे वर्तुळ बसवायचे. शिवाय वेळापत्रकात काही स्पर्धांपुढे 'एन.आर.' लिहितात, काहींपुढे 'आय.एस.एस.एफ.'. पहिले राष्ट्रीय नियमांचे, दुसरे आंतरराष्ट्रीय. नवख्या मुलाला हे सगळे रेल्वेच्या डब्यांच्या वर्गांसारखे वाटते, आणि खरे सांगायचे तर ते तसेच आहे. ओपन साईट म्हणजे जनरल डबा. क्लबची रायफल, घरचे कपडे, बसा आणि निघा. पीप साईटला आलात की आरक्षण. खास रायफल, कडक जॅकेट, कडक पँट, सपाट तळव्याचे बूट, हातमोजा. भाचीसाठी परदेशी रायफलची चौकशी केली तर आकडा दोन लाखांच्या वर. भावजी एका खाजगी शाळेत शिक्षक. ते म्हणाले, "स्कूटर विकली तरी नुसती नळी येईल!" शेवटी रायफल क्लबचीच ठेवायची आणि जॅकेट-पँट जुनी घ्यायची असे ठरले. एका मोठ्या मुलीने खेळ सोडला होता, तिचे सामान अर्ध्या किमतीत मिळाले.

आमच्या ह्यांनी फोनवर हे ऐकले आणि आपली नेहमीची म्हण टाकली, "हासिगे इद्दष्टु कालु चाचु." अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आमच्या घरात दोन्ही भाषांत ऐकायला मिळते. गंमत अशी, की नेमबाजीत अंथरुणाचे मापही दर चार वर्षांनी बदलते, आणि ते मोजणारे लोक दूर परदेशात बसलेले असतात.

आता या कपड्यांचे काय ते सांगते, कारण मलाही आधी ते थोतांड वाटले होते. दहा मीटर एअर रायफलचा दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर व्यासाचा. खसखशीचा दाणासुद्धा त्याच्यापुढे मोठा. छरा मात्र साडेचार मिलिमीटरचा. रायफलचे वजन नियमाने जास्तीत जास्त साडेपाच किलो. ती उभ्याने धरायची, डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचे, पाठ मागे आणि बाजूला कलवायची, आणि सव्वा तासात साठ छरे सोडायचे. अशा वेळी शरीराची प्रत्येक हालचाल, अगदी नाडीचा ठोकासुद्धा, नळीच्या टोकाला जाऊन पोचतो. कडक जाड कापडाचे जॅकेट पाठीला आधार देते आणि ठोका दाबते.

पण आधार किती, यालाच तर नियम. जॅकेटचे कापड एकेरी मोजले तर अडीच मिलिमीटरपेक्षा जाड नको, दुहेरी पाचपेक्षा नको. कापड किती ताठ आहे ते मोजायला वेगळे यंत्र असते. त्याखाली कापड निदान तीन मिलिमीटर दबले पाहिजे. बुटाचा तळवा वाकला पाहिजे. आणि तो वाकतो हे दिसावे म्हणून खेळाडूने रेंजवर टाच-चवडा टेकवत साधे चालले पाहिजे. पूर्वी नेमबाज बदकासारखे डुलत चालायचे, तो प्रकार आता चालत नाही. पहिल्यांदा ताकीद मिळते, नंतर गुणांवर गदा. भाचीने मला हे अंगणात चालून दाखवले. आधी जुन्या काळचे बदक, मग नवे नियमातले. आमची मुले हसून हसून लोळली.

आबांचे म्हणणे सरळ होते. "एवढे मोजमाप करायचे कशाला? जॅकेटच काढून टाका. शर्टावर मारू द्या सगळ्यांना. मग बघू कोण किती पाण्यात आहे." असे म्हणणारे आबा एकटे नाहीत. जगभर या खेळातली जुनी मंडळी अधूनमधून हेच म्हणतात. खर्च कमी होईल, गरीब देशांची मुले येतील, आणि टीव्हीवर बघणाऱ्यालाही खेळाडू माणसासारखा दिसेल. मला हे पटत होते. मी पडले गृहिणी. तीस-चाळीस हजारांचे जॅकेट आणि वर्षभरात वाढणारी मुलगी हे गणित मला कुठल्याही नियमावलीपेक्षा आधी कळते.

आमच्या ह्यांनी त्यात कोडगूची भर घातली. तिथे कैलपोध सणाला कोडव लोक बंदुकांची पूजा करतात आणि मग उंच झाडावर बांधलेल्या नारळावर नेम धरण्याची स्पर्धा लावतात. तिथे कुठले जॅकेट आणि कुठली चकती! आबा फोनवरच खूष झाले. "तुमचे कर्नाटकातले लोक शहाणे," म्हणाले.

भाची मात्र गप्प राहणाऱ्यांतली नाही. ती उठून आत गेली, वही घेऊन आली. तिच्या वहीत नेमबाजीच्या नियमांचा एक छोटा इतिहासच आहे. त्यातली कितीतरी नावे आपल्या भागातली निघाली, म्हणून इथे सांगते.

पहिले नाव सुमा शिरूर. जन्म कर्नाटकातल्या चिक्कबळ्ळापूरचा, घडल्या नवी मुंबईत. म्हणजे आपल्यासारख्याच दोन भाषांच्या. २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी एअर रायफलमध्ये ४०० पैकी ४०० गुण मिळवून विश्वविक्रमाशी बरोबरी केली. चाळीस छरे, चाळीस वेळा दहा. त्याच्यापुढे गुणच नाहीत. आणि मग २०१३ मध्ये नियम बदलला. एअर रायफलच्या पात्रता फेरीतही दशांश मोजायला लागले. दहाच्या ठिपक्याच्या कडेला लागले तर १०.०, अगदी मधोमध लागले तर १०.९. पैकीच्या पैकी ही गोष्टच खेळातून गेली. कोणाचा विक्रम मोडला नाही, पण तो ज्या पाटीवर लिहिला होता ती पाटीच पुसली. मला हे वाचून चुटपुट लागली. भाचीला नाही. ती म्हणाली, "आधी दहा लागला की झालं. आता दहा लागल्यावर पण आणखी चांगलं मारायचं असतं. मला तर हेच आवडतं."

त्याच २०१३ च्या बदलात अंतिम फेरी शून्यापासून सुरू होऊ लागली. पूर्वी पात्रता फेरीचे गुण बरोबर घेऊन अंतिम फेरीत जायचे. अभिनव बिंद्राने २००८ मध्ये बीजिंगला सुवर्ण जिंकले ते ५९६ आणि १०४.५ अशी बेरीज करून. आता आधीची पुंजी दारातच ठेवून जायचे. आबांना हा घोर अन्याय वाटतो. "वर्षभर अभ्यास केलेल्याला आणि काठावर पास झालेल्याला एकाच रांगेत बसवता?" पण या नियमाने आपल्याला काय दिले ते पाहा. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनच्या पात्रता फेरीत तो ५९० गुणांनी सातवा होता. अंतिम फेरीत सगळ्यांबरोबर शून्यावर उभा राहिला. गुडघ्यावर बसून, मग झोपून, मग उभ्याने असा एकेक पायरी वर सरकला आणि ४५१.४ गुणांवर कांस्यपदक घेऊन आला. १ ऑगस्टची ती दुपार आमच्या बेळगावात टीव्हीपुढे बसून बघितलेली कितीतरी घरे मला माहीत आहेत. कोल्हापूर आपल्याला परके कधी होते?

पण हाच स्वप्नील आधी झोपून मारण्यातही, म्हणजे 'प्रोन' प्रकारात, तरबेज. २०१५ मध्ये कुवेतच्या आशियाई स्पर्धेत कनिष्ठ गटाचे सुवर्ण त्याने प्रोनमध्येच मिळवले होते. तो प्रकार २०१६ च्या रिओनंतर ऑलिम्पिकमधून गेला. लंडनला २०१२ मध्ये जॉयदीप कर्माकर याच प्रकारात चौथा आला होता. बायकांसाठी स्वतंत्र प्रोन तर ऑलिम्पिकमध्ये कधी नव्हतेच. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या. जगज्जेती असून ऑलिम्पिकला जायचे तर दुसरा प्रकार साधायचा! त्यांनी तो साधला. टोकियोत वयाच्या चाळिशीत त्या पहिल्यांदा ऑलिम्पिकला उतरल्या, त्या थ्री पोझिशनमध्ये. हे ऐकताना ताई कणिक मळत होती. ती म्हणाली, "दहा वर्षं थांबली बाई." बाकी कोणी काही बोलले नाही.

प्रोन का गेले? ऑलिम्पिकमध्ये पुरुषांचे प्रकार जास्त आणि बायकांचे कमी होते. ते सारखे करायचे म्हणून पुरुषांचे तीन प्रकार काढले आणि त्यांच्या जागी मुलगा-मुलगी अशा मिश्र जोड्यांचे प्रकार आणले. २०१८ पासून बायकांनाही एअर रायफलमध्ये चाळीसऐवजी साठ छरे मिळाले. भाचीचा मुद्दा इथे होता, आणि तो मला बिनतोड वाटला. "आबा, तुमच्या वेळचे नियम चांगले होते, पण ते तुमच्यासाठी चांगले होते. मुलींना चाळीसच का? मुली दमतात म्हणून?"

आबा म्हणाले, "तसे नाही गं." पण मग कसे, ते त्यांना सांगता आले नाही.

सगळेच बदल असे विचारपूर्वक होतात असेही नाही हं. २०२२ मध्ये अंतिम फेरीच्या शेवटी दोघांची समोरासमोर लढत सुरू केली. एकेका फैरीला दोन गुण, जो सोळापर्यंत आधी पोचेल तो जिंकला. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील त्या वर्षी कैरोला याच पद्धतीने जगज्जेता झाला, १७-१३ असा. मार्च २०२३ मध्ये भोपाळला विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हा भावजी मुलीला घेऊन गेले होते. तिथे तिने सरबज्योत सिंगला पिस्तुलात सोळा-शून्य असे जिंकताना पाहिले आणि त्याच दिवशी शूटिंगचे वेड घेऊन घरी आली. ती जिच्यावर भाळली ती पद्धत मात्र काही महिन्यांतच मोडीत निघाली. पुन्हा चोवीस छऱ्यांची, एकेकाला बाद करत जाणारी अंतिम फेरी आली. थ्री पोझिशनचेही तसेच. बायकांना आधी वीस-वीस गोळ्या होत्या, २०१८ मध्ये पुरुषांसारख्या चाळीस-चाळीस केल्या, आणि २०२२ मध्ये सगळ्यांनाच वीस-वीसवर आणले. घरातले फर्निचर सारखे हलवणारी एखादी बाई असते ना, तसे हे.

माझे मत विचाराल तर नियम बदलायला हरकत नाही, पण ऑलिम्पिक ते ऑलिम्पिक चार वर्षे तरी त्याला हात लावू नये. जागतिक संघटनेला तो एक ठराव असतो. उज्जैनच्या घरात ती मोडलेली मुदतठेव असते. आणि दुसरे, ओपन साईटचा तो जनरल डबा कधी काढू नये. उलट त्याला मान द्यावा. आपल्या राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना १९५१ ची, पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर, लोकसभेचेही पहिले सभापती. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेची पायरी मानतात. ज्याच्याकडे फक्त डोळा आणि हात आहे अशा मुलासाठी खालची पायरी शाबूत पाहिजे.

हे मत माझे रविवारी सकाळपर्यंत फार पक्के होते. आबांच्या बाजूला मी बरीच झुकले होते. त्या दिवशी इंदूरला एक स्पर्धा होती. आम्ही सगळे पहाटे निघालो. पोहे-जिलबी वाटेत.

स्पर्धेआधी सामानाची तपासणी असते. एका खोलीत टेबले मांडलेली, त्यावर मोजमापाची यंत्रे. कापडाची जाडी बसली. ताठपणा बसला. मग त्यांनी भाचीला हात खाली सोडून उभे केले आणि जॅकेटची एक कड दुसरीवर ओढली. नियम असा, की जॅकेट अंगावर सैल बसले पाहिजे. नेहमीच्या बटणाच्या जागेपासून ते आणखी निदान सत्तर मिलिमीटर पुढे ओढले गेले पाहिजे. घट्ट जॅकेट म्हणजे पट्टा, म्हणून ही अट. घेतले तेव्हा शंभर भरत होते. आता बावन्न भरले. जॅकेट तेच होते, मुलगी वाढली होती.

तपासणारे गृहस्थ सभ्य होते. त्यांनी दोनदा मोजले. मग मान हलवली.

ताईचा चेहरा मला बघवेना. जुने घेतले म्हणून, मापाकडे लक्ष दिले नाही म्हणून, ती स्वतःलाच दोष देत होती. भाची म्हणाली, "आई, काही नाही होत," आणि शाळेच्या स्वेटरवर जाऊन उभी राहिली. आबांचा नियम तिच्या नशिबी आला होता, फक्त तिच्या एकटीच्या.

साठ छरे तिने मारले. जॅकेट घालून ती सहाशेच्या आसपास जाते. त्या दिवशी ५७९.३. पहिल्या वीसांपर्यंत ठीक होते, मग आकडे घसरू लागले. चाळीसनंतर ती प्रत्येक छऱ्यानंतर रायफल स्टँडवर टेकवून कमरेवर हात ठेवत होती. आबा माझ्या शेजारी बसले होते. सुरुवातीला तिच्या प्रत्येक दहाला ते माझ्याकडे बघून मान डोलवत होते. नंतर नंतर त्यांनी मान डोलवणे सोडले.

परतीच्या गाडीत ती पालथी पडून आली. दोन दिवस पाठ धरली होती. तेव्हा मला तिच्या सरांचे म्हणणे समजले. त्यांनी ताईला पूर्वीच सांगितले होते, की जॅकेट फक्त गुणांसाठी नसते. वाढत्या वयात रोज तास-दोन तास वाकड्या पाठीवर चार-पाच किलो तोलायचे, तर मणक्याला काहीतरी टेकू हवाच. आबांनी एन.सी.सी.त मारले ते बहुतेक झोपून, महिन्यातून दोनदा. नातीने मारायचे ते उभ्याने, रोज. म्हणजे जॅकेट काढून टाकले की खेळ सगळ्यांना सारखा होईल हे काही खरे नाही. ज्याची पाठ मुळात दणकट, त्याचेच फावेल.

सामान म्हणजे लबाडीच, असे मानणाऱ्याने आपल्या हुबळीच्या श्रीहर्ष देवरड्डींकडे पाहावे. पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये ते एअर रायफलच्या 'एस.एच. २' गटात खेळले. ज्यांना हाताने रायफलचे वजन पेलता येत नाही त्यांचा हा गट. रायफल स्प्रिंगच्या स्टँडवर टेकवायची मुभा त्यात असते. ती स्प्रिंग किती लवचीक असावी यालाही नियम आहे. त्या स्टँडला कोणी टेकू म्हणून हसत नाही. नेम त्यांचाच असतो. हे मी त्या रात्री आबांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, उत्तर दिले नाही, आणि दिवा मालवायला सांगितला.

दुसऱ्या दिवशी प्रश्न हा, की पुढच्या स्पर्धेला पंधरा दिवस आणि नवे जॅकेट शिवायला महिना, शिवाय पैसे. ताईने जॅकेट मांडीवर घेतले, उलटसुलट पाहिले आणि म्हणाली, "ब्लाउज घट्ट झाला तर आपण काय करतो?" बटणे सरकवायची! सरांना फोन केला. ते म्हणाले, सरकवा, तपासणीच्या आधी करा म्हणजे झाले, आणि पुढून दोन्ही कडा नीट मिळाल्या पाहिजेत.

एवढे सोपे नव्हते ते. ते कापड म्हणजे तंबूचे कापड बरे. माझ्या दोन सुया मोडल्या, ताईच्या बोटातून रक्त आले. बटणे उसवायलाच तास गेला. आम्ही दोघी बहिणी लहानपणी बेळगावात खडे बाजारच्या कापडाचे फ्रॉक शिवायचो, त्याची आठवण काढत बसलो होतो. रात्रीचे अकरा वाजले असतील. आबा आपल्या खोलीतून काठी टेकत आले. हातात एक दाभण आणि मेणाची वडी. पोत्याचे तोंड शिवायचे दाभण. म्हणाले, "दोऱ्याला मेण लावा. नुसता दोरा या कापडात चिरतो." आणि खाली सतरंजीवर बसून स्वतःच मेण ओढू लागले. डोळे अधू झालेत, तरी दाभणात दोरा पहिल्या झटक्यात ओवला. फुगे फोडलेला डोळा तो!

सहाही बटणे आबांनीच लावली. आम्ही कड धरून ठेवली.

मग मोजायचे कसे? तपासणीच्या यंत्रात सहा-आठ किलोच्या ताणाने ओढतात. भावजींनी रद्दी मोजायचा स्प्रिंगचा काटा आणला. त्याचा आकडा बटणाच्या काजात अडकवला. भाची झोपेतून उठून जॅकेट घालून उभी राहिली, हात खाली सोडून. भावजी काटा ओढत होते, "साडेपाच... सहा... सहा," ताई पट्टी धरून होती. माझा धाकटा कंदील धरावा तसा मोबाइलचा उजेड धरून.

"चौऱ्याहत्तर," ताई म्हणाली. पुन्हा मोजले. चौऱ्याहत्तरच.

भाचीने जांभई दिली. "चार मिलिमीटर आहे अजून हातात. उन्हाळ्यापर्यंत चालेल."

"उन्हाळ्यात मला सांग," आबा मेणाची वडी कागदात गुंडाळत म्हणाले. "तुझ्या मावशीला दाभण धरता येत नाही."